पाठीचा वाक मोजणारा फायबर: १ मिमी पीएमएमए धागा आणि आयएफ-ई९६/आयएफ-डी९२ जोडीचा आढावा

बसताना पाठ किती वाकते हे अंगावरच्या कपड्यातूनच मोजायचं असेल, तर आज मुख्यतः दोन मार्ग आहेत. एक म्हणजे कपड्याला कल मोजणारी आयएमयू चिप लावणं. दुसरा म्हणजे कपड्यात ऑप्टिकल फायबर घालून पाठ वाकल्यावर त्यातून येणारा उजेड किती बदलतो ते पाहणं. हा आढावा दुसऱ्या मार्गाचा आहे, आणि त्यातही सगळ्यात स्वस्त सामानाचा: १ मिमी जाडीचा पीएमएमए (अ‍ॅक्रिलिक) प्लास्टिक फायबर (मित्सुबिशीचा एस्का किंवा त्याच मापाचा दुसरा), इंडस्ट्रियल फायबर ऑप्टिक्स या अमेरिकी कंपनीचा आयएफ-ई९६ लाल एलईडी आणि तिचाच आयएफ-डी९२ फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे पलीकडे पोचलेला उजेड मोजणारा डिटेक्टर. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत किंवा घरच्या टेबलावर एवढ्या सामानातून मापनाचं बनियन तयार होतं.

मत आधीच सांगतो. सामान उत्तम आहे, एलईडी आणि डिटेक्टरची जोडी तर विशेष. सगळी अडचण कापडात आहे. फायबरला सरकायला जागा ठेवली का, त्यावर मुद्दाम घासलेली खाच कोणत्या बाजूला आली, तिच्यात घाम शिरतो का, यावर बनियन चालणार की नाही ते ठरतं. ज्यांना फक्त ‘पुढे झुकलात’ एवढी सूचना हवी आहे त्यांनी आयएमयू घ्यावी. ती स्वस्त पडते आणि कमी त्रास देते. पण कंबरेचा कणा प्रत्यक्ष किती गोल झाला हे ज्यांना हवं आहे, त्यांच्यासाठी फायबर खरोखर वेगळी माहिती देतो. एकटी आयएमयू तिच्या जागेचा कल सांगते. माणूस पाठ सरळ ठेवून खुब्यातून पुढे झुकला की पाठ ढेपाळून गोल झाली, हा फरक तिला एकटीला कळत नाही. फायबर नेमका तोच फरक दाखवतो.

कल्पना जुनी आहे. बोटं वाकल्यावर उजेड कमी होतो या तत्त्वावरच्या हातमोज्यासाठी थॉमस झिमरमन यांना १९८५ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं, आणि १९८७ च्या सुमारास व्हीपीएल कंपनीचा डेटाग्लव्ह आला. बसलेल्या माणसाचा कणा प्लास्टिक फायबरने मोजणारा कपडा डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ल्युसी डन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मांडला. त्याचं मापन तज्ज्ञाने नजरेने केलेल्या परीक्षणाशी ताडून पाहिलं होतं. आजही हौशी आणि विद्यार्थी मंडळी बनवतात तो याच घराण्यातला कपडा.

आता फायबर. १ मिमी म्हणजे ९८० मायक्रॉनचा पीएमएमएचा गाभा आणि त्यावर जेमतेम १० मायक्रॉनचं फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचं आवरण. न्यूमेरिकल अपर्चर ०.५, म्हणजे दोन्ही बाजूंना ३० अंशांपर्यंतचा उजेड आत घेतो. लाल उजेडात मीटरमागे घट साधारण ०.२ डेसिबल, टक्क्यांत सांगायचं तर ४-५ टक्के. आपल्याला लागणारी लांबी एक मीटरच्या आसपास, त्यामुळे ही घट विसरून गेलात तरी चालेल. बाहेर काळं पॉलिइथिलीन चढवलेली २.२ मिमीची केबल घ्यावी, उघडा धागा घेऊ नये. उघड्या धाग्यावर कापड घासतं आणि तेवढ्यानेही उजेड गळतो.

पहिली निराशा इथेच होते. फायबर सरळ पाठीवर शिवला, माणूस पूर्ण वाकला, आणि आकडा हललाच नाही. कारण साधं आहे. कंबरेच्या कण्याची लांबी १८ सेंमी धरली आणि पूर्ण वाकल्यावर तो साधारण ५५-६० अंश वळतो असं मानलं, तर वळणाची त्रिज्या १८ सेंमीच्या जवळ येते. या केबलला त्रास सुरू होतो तो २५ मिमी त्रिज्येच्या आसपास. म्हणजे पाठ फायबरला कधीच इतकी वाकवत नाही की तो आपणहून उजेड सोडेल. त्याला मुद्दाम संवेदनशील करावं लागतं.

त्यासाठी खाचा. कंबरेच्या भागात येणाऱ्या ८ ते १० सेंमी लांबीवरचं काळं आवरण १ मिमीच्या खाचेच्या वायर स्ट्रिपरने काढा. उघड्या फायबरच्या एकाच बाजूला, एका रेषेत, सपाट बारीक कानशीने ५-६ खाचा घ्या. प्रत्येक खाच ५ ते ६ मिमी लांब, दोन खाचांमध्ये साधारण १० ते १५ मिमी अंतर, खोली ०.३ मिमीच्या आसपास. खोली वाढवली की संवेदनशीलता वाढते, पण अर्ध्या जाडीच्या पुढे गेलात तर फायबर तिथेच मोडतो, आणि तोही बहुधा कपडा अंगातून काढताना. एकच मोठी खाच घेण्यापेक्षा पाच-सहा लहान चांगल्या, कारण कपडा एखादा सेंटिमीटर सरकला तरी मोजमापाची जागा हुकत नाही. काम करताना एलईडी चालू ठेवा आणि दुसऱ्या टोकाचा आकडा बघत बघत घासा. प्रत्येक खाचेनंतर आकडा थोडासाच उतरायला हवा. एकदम कोसळला तर तुकडा बाजूला ठेवून नवा घ्या.

खाचेची बाजू महत्त्वाची. खाच वळणाच्या बाहेरच्या, म्हणजे फुगीर बाजूला असेल तर वाकल्यावर उजेड कमी होतो. आतल्या बाजूला असेल तर वाढतो. म्हणजे फायबर वाकण्याची दिशाही सांगतो, आणि हा मोठा फायदा आहे. पण फायबर कपड्यात फिरून पिळला, की हीच गोष्ट उलटते. खाचा पाठीऐवजी कुशीकडे वळल्या तर पुढे वाकण्याचं माप जवळजवळ नाहीसं होतं. म्हणून खाचांच्या विरुद्ध बाजूला, आवरणावर पांढऱ्या मार्करने एक रेघ काढून ठेवा आणि बसवताना ती अंगाच्या बाजूला येईल असं पाहा. तयार झाल्यावरही ही रेघ दिसण्यासाठी कापडात एक छोटी फट ठेवावी.

एलईडी आणि डिटेक्टरबद्दल तक्रारीला जागा नाही. दोन्ही भागांना स्वतःचं घर आहे, आत बारीक भिंग आहे आणि २.२ मिमीची केबल त्यात थेट बसते. वेगळा कनेक्टर लागत नाही, गोंद लागत नाही. नव्या ब्लेडने केबल काटकोनात कापायची, नट सैल करून टोक भिंगाला टेकेपर्यंत आत ढकलायचं, आणि नट हाताने आवळायचा. पकडीने आवळू नये. कापलेलं टोक २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाण्यासोबत इंग्रजी आठच्या आकारात आठ-दहा वेळा फिरवलं आणि शेवटी ३ मायक्रॉनच्या फिल्मवर घासलं, की उजेड ठळक वाढतो. घाई असेल तर नुसत्या कापलेल्या टोकावरही काम होतं, पण प्रत्येक वेळी टोक काढून घातल्यावर आकडा वेगळा येतो. पॉलिश केलेल्या टोकात हा फरक बराच कमी असतो.

जोडणी अशी. ३.३ व्होल्टच्या स्थिर पुरवठ्यावर प्रत्येक एलईडीला स्वतंत्र १५० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे सुमारे १० मिलिअँप. सगळे एलईडी एकाच ट्रान्झिस्टरने चालू-बंद करायचे. दोन एलईडी एकामागोमाग एका ओळीत जोडून रेझिस्टर वाचवायचा मोह होतो, पण दोघांचे मिळून ३.६ व्होल्टच्या आसपास लागतात, ते ३.३ वर पेटणार नाहीत. डिटेक्टरचं वाचन ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरच्या स्वतःच्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागावर) घेऊ नका. तो दोन्ही टोकांना वाकडा मोजतो. १६ बिटांची वेगळी एडीसी चिप एडीएस१११५ हे काम नीट करते.

वाचन घेताना एलईडी २० मिलिसेकंद चालू ठेवून सरासरी घ्या, मग २० मिलिसेकंद बंद ठेवून सरासरी घ्या, आणि दुसरी पहिलीतून वजा करा. २० मिलिसेकंदच का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. २० मिलिसेकंदांत त्या लुकलुकीची दोन पूर्ण आवर्तनं बसतात आणि खोलीतल्या उजेडाचा परिणाम वजाबाकीत निघून जातो. सेकंदाला दहा वाचनं बसण्याच्या ढबीसाठी पुरेशी आहेत. तीन एलईडी धरले तर त्यांचा सरासरी खर्च ६ मिलिअँप, दहा तासांत ६० मिलिअँप-तास. बॅटरी खाणारा भाग ब्लूटूथचा असेल, उजेडाचा नाही.

तीन एलईडी म्हणण्याचं कारण: मणक्यांच्या डावीकडे एक खाचेचा फायबर, उजवीकडे दुसरा, दोघांत ६ ते ८ सेंमी अंतर, आणि सोबत एक बिनखाचेचा. डाव्या-उजव्या वाचनांतला बदल मिळवला की पुढचा वाक, वजा केला की कुशीच्या झुकावाचा साधारण अंदाज. एकाच फायबरवर भागवलं तर दोन्ही गोष्टींची सरमिसळ होते, आणि माउसच्या बाजूला कलून बसणारा माणूस ढेपाळलेला दिसतो.

बिनखाचेचा, म्हणजे संदर्भाचा फायबर हा या मापनाचा कणा आहे, आणि बहुतेक घरगुती बनावटींत तोच गाळलेला असतो. लाल एलईडी तापला की त्याचा उजेड उतरतो, अंशामागे साधारण अर्धा ते एक टक्का. एलईडी आणि बाकी सर्किट ठेवलेली डबी खोलीच्या २५ अंशांवरून अंगाजवळच्या ३३ अंशांवर गेली तर ४ ते ८ टक्के उजेड नुसत्या उबेने गेला. ताठ बसणं आणि किंचित ढेपाळणं यांतला फरक अनेकदा याच मापाचा असतो. म्हणूनच संदर्भ नसलेला कपडा सकाळी बरोबर आणि तासाभराने चूक सांगतो. तिन्ही एलईडी एकाच पट्टीवर शेजारी बसवा आणि खाचेच्या वाचनाला संदर्भाच्या वाचनाने भागा. उबेचा बराचसा परिणाम भागाकारात निघून जातो.

आता कापड, आणि इथे घाई करून चालणार नाही. पाठ वाकली की पाठीवरची कातडी ताणली जाते, आणि किती ताणली जाते हे वैद्यकात नीट मोजलेलं आहे. सुधारित शोबर चाचणीत कंबरेवर १५ सेंमीच्या अंतरावर दोन खुणा करतात. निरोगी माणूस पूर्ण वाकला की ते अंतर ५ सेंमी किंवा अधिक वाढतं. म्हणजे एक तृतीयांश ताण. पीएमएमए काही टक्क्यांतच कायमचा लांबतो. फायबरची दोन्ही टोकं पाठीवर पक्की शिवली तर पहिल्याच वाकण्यात एकतर शिवण उसवते, नाहीतर फायबर ताणून बाद होतो.

यावर उपाय नेफ्याचा. पायजम्याच्या नाडीला असतो तसाच, ६ ते ७ मिमी रुंद, आतून पॉलिएस्टर सॅटिनची पट्टी लावलेला, म्हणजे घामातही फायबर सरकतो. डबी वर, खांद्याच्या फऱ्यांमध्ये. प्रत्येक फायबर तिथून खाली कंबरेपर्यंत जातो, ३ सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ घेऊन वळतो आणि परत वर येतो. या दोन सरळ भागांना पाय म्हणू: खाचा उतरत्या पायावर, परतीचा पाय कोरा. ३५ सेंमीचे दोन पाय, वळणाचे १० आणि डबीजवळचे १०-१० धरले तर फायबरमागे १ मीटर लागतो; तीन फायबर आणि एक मीटर वरकड, असे ४ मीटर घ्या. वळणं एका कडक सपाट चकतीवर पक्की करा. जुनी एक्स-रे फिल्म दुहेरी करून वापरली तरी चालते. ही चकती कंबरेवरच्या खिशात मोकळी ठेवा, आणि खिसा चकतीपेक्षा ७ सेंमी उंच शिवा. वाकल्यावर चकती वर सरकते, ताठ झाल्यावर खाली येते. वळण सैल ठेवलं तर त्याची त्रिज्या बदलत राहते, आणि मग आकडा पाठीचा नसून वळणाचा येतो.

मूळ कपडा सुती बनियन नको. दोन धुण्यांत सैल होतं. नायलॉन-स्पँडेक्सचं अंगाला घट्ट बसणारं बनियन घ्या. नेफा झिगझॅग टाक्याने शिवा, सरळ टाका ताणात तुटतो. होजिअरीसाठी बोथट टोकाची सुई लागते. शिवताना फायबर आत नको. एकदा सुई फायबरमधून गेली की तो तुकडा संपला. खाचांची जागा शोधायला दोन्ही बाजूंच्या नितंबाच्या हाडांचे वरचे काठ चाचपा. त्यांना जोडणारी आडवी रेषा चौथ्या कटिमणक्याजवळून जाते. खाचांच्या पट्ट्याचं खालचं टोक या रेषेवर आणा.

घाम हा यातला सगळ्यात फसवा शत्रू आहे. उघड्या खाचेभोवती हवा असते तेव्हा एका प्रमाणात उजेड गळतो. तिथे पाणी शिरलं की अपवर्तनांकातलं अंतर कमी होतं आणि जास्त उजेड बाहेर पडतो. मापन पाठ वाकल्याचं सांगतं आणि माणूस ताठ बसलेला असतो. संदर्भाच्या फायबरला खाचा नाहीत, त्यामुळे भागाकाराने ही चूक जात नाही. मे महिन्यात कोकणात किंवा नागपुरात असा कपडा वापरायचा तर खाचांवर सैल काळी पीव्हीसी नळी चढवून तिची दोन्ही टोकं न्यूट्रल सिलिकॉनने बंद करावीत. नळीच्या आत हवाच राहिली पाहिजे. खाचेत गोंद किंवा सिलिकॉन शिरलं तर तेही पाण्याइतकंच वाईट. आणि हीट-श्रिंक नळी अजिबात नको. तिला आवळण्यासाठी लागणारी उष्णता फायबरला सोसत नाही, खाचेतच तो वितळून वाकडा होतो.

धुण्याचा नियम सोपा: चकती आणि डबी दोन्ही काढा, फायबर नेफ्यातून बाहेर ओढा, मग कपडा धुवा. नेफ्याचं एक टोक यासाठीच उघडं ठेवायचं. फायबर आत ठेवून गरम पाणी, ड्रायर किंवा इस्त्री नको. बहुतेक साध्या पीएमएमए फायबरची मर्यादा ७० अंशांच्या आसपास असते. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात सगळं स्पिरिटने पुसायची पद्धत आहे, तिथे विशेष जपा. ताणाखालच्या पीएमएमएला अल्कोहोल लागलं की बारीक तडे जातात, आणि खाचेपाशी ताण असतोच. ओलसर कपडा आणि सौम्य साबण पुरे. फेव्हीक्विकसारखा झटपट गोंदही याच कारणाने टाळावा, इपॉक्सी वापरा.

नवा फायबर पहिल्या काही दिवसांत बदलत राहतो, कारण तो ओढून बनवताना राहिलेला ताण हळूहळू सुटत असतो. खाचा घेतल्यावर सरळ ठेवून ७० अंशांवर एक दिवस भाजला तर हे बरंचसं मिटतं. तरी वाकताना आणि परत येताना आकडे तंतोतंत एकाच वाटेने जात नाहीत. पीएमएमएचा हा स्वभावच आहे. म्हणून निकाल अंशांत दाखवण्याचा हट्ट धरू नये. ० म्हणजे ताठ उभं राहणं, १०० म्हणजे पूर्ण वाकणं, अशी त्या-त्या माणसाची पट्टी ठेवावी. कपडा घालून दहा मिनिटं जाऊ द्या, मग अर्धा मिनिट ताठ उभं राहणं, खुर्चीत ताठ बसणं, सैल बसणं आणि पूर्ण वाकणं, हे सगळं तीनदा. दर वेळी कपडा घातल्यावर निदान ० आणि १०० नव्याने घ्या.

आपल्याकडे आणखी एक नोंद हवी, ती मांडीची. जमिनीवर मांडी घालून बसलं की ओटीपोटाचा सांगाडा मागे कलतो आणि कंबरेची कमान सपाट होते. खुर्चीवर जुळवलेला कपडा अशा वेळी सतत चुकीची सूचना देतो. जेवण, पूजा, शिकवणी, शिवणकाम जमिनीवर होत असेल तर मांडीचं वेगळं शून्य साठवा आणि बटणाने बदला. दुचाकीवर तर सूचना बंदच ठेवा. खड्ड्यांच्या हादऱ्यांत वाचनाला अर्थ उरत नाही. सूचना देतानाही वाक दिसला रे दिसला की कंपन, असं करू नये. क्षणभर वाकणं हा दोष नाही. पंधरा-वीस मिनिटं पाठ एकाच स्थितीत राहिली तर हलायला सांगावं. माणसं अशा सूचनेचा वैताग मानत नाहीत आणि कपडा कपाटात जात नाही.

काचेच्या फायबरवरचे ब्रॅग ग्रेटिंग सेन्सर (फायबरच्या आत कोरलेल्या बारीक पट्ट्या, ज्या ठरावीक तरंगलांबीचाच उजेड परत पाठवतात) यापेक्षा अचूक आहेत यात वाद नाही. एकाच केसासारख्या धाग्यावर अनेक ठिकाणं मोजता येतात आणि उजेड कमी-जास्त झाल्याने वाचन बिघडत नाही, कारण तिथे तरंगलांबी मोजतात. पण १५५० नॅनोमीटरला अंशामागे सुमारे १० पिकोमीटर सरकणारं ग्रेटिंग घामेजल्या पाठीवर तापमानाची भरपाई मागतंच, आणि ते वाचणारं यंत्र लाखांत जातं. एमआरआयमध्ये, जिथे रुग्णाजवळ धातू चालत नाही, तिथे मात्र फायबरला तोड नाही. युरोपातल्या ऑफसेथ प्रकल्पाने तिथल्या रुग्णांचा श्वास मोजण्यासाठी कापडात फायबर घातले ते याच कारणाने.

०.२५ मिमीचा फायबर थेट विणण्याबद्दल इचलकरंजी-भिवंडीकडच्या मंडळींसाठी थोडक्यात: साध्या विणीत प्रत्येक उभ्या धाग्यापाशी तो मुरडतो आणि उजेड गळतो, म्हणून सॅटिन वीण घ्यावी. धोट्याच्या मागावर कांडीला गुंडाळलेला फायबर वळण धरून बसतो. रेपिअर मागावर हा प्रश्न राहत नाही.

फायबर विकत घेताना नाव नीट वाचा. सजावटीसाठी दोन प्रकार विकले जातात. बाजूने उजळणारा साइड-ग्लो इथे निरुपयोगी आहे, कारण तो आधीच सगळीकडे उजेड सोडतो. छतावर चांदण्या करायला वापरतात तो एंड-ग्लो प्रकार चालू शकतो, पण त्यावर काळं आवरण नसतं. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ऑडिओची टॉसलिंक केबल मागा. तिच्यातही बहुधा १ मिमीचाच प्लास्टिक फायबर असतो, दोन्ही टोकांचे प्लग कापले की पहिल्या प्रयोगापुरता तुकडा मिळतो. फक्त आवरणाची जाडी मोजून घ्या, २.२ मिमीपेक्षा जाड असेल तर बाहेरचं वेष्टन टोकापाशी सोलावं लागेल, नाहीतर नट बसणार नाही.